संमोहन उपचार केंद्राचे संकेतस्थळ सुधारताना : तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

फोंडा, म्हापसा, डिचोली किंवा मडगाव येथे एक-दोन खोल्यांत चालणारी संमोहन उपचार केंद्रे जेव्हा आपले संकेतस्थळ सुधारायला घेतात, तेव्हा बहुतेकदा सुरुवात रंगांपासून होते. नवा साचा निवडला जातो, लोलकाचे किंवा फिरत्या चक्राचे चित्र बदलले जाते, सरकणारी छायाचित्रे बसवली जातात आणि पैसे व उत्साह संपत आला की मजकूर जुन्यातलाच उचलून नव्या पानांवर चिकटवला जातो. त्यानंतरही फोन पूर्वीइतकेच येतात, कारण संकेतस्थळ उघडणारी व्यक्ती रंग पाहायला आलेली नसते. ती बहुधा रात्री, घरची माणसे निजल्यावर, मोबाइलवर संकोचाने वाचत असते. या अनोळखी माणसासमोर डोळे मिटून बसणे सुरक्षित आहे का, आणि आपण तिथे गेल्याचे गावात कळणार तर नाही ना, एवढेच तिला ठरवायचे असते.

म्हणून पुढील क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. आधी संकेतस्थळाचा ताबा, मग दाव्यांची छाननी, मग नवा मजकूर, मग संपर्काची वाट, आणि भाषा, गती व नकाशा त्यानंतर. हा क्रम उलटला की एकच काम दोनदा करावे लागते आणि दोनदा पैसे मोजावे लागतात.

सुरुवातीपूर्वीची तयारी

संगणकाला हात लावण्यापूर्वी फोनजवळ एक वही ठेवा आणि पंधरा दिवस येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून काढा. विचारणाऱ्याचे नाव मात्र लिहू नका. "मी शुद्धीवर असेन ना?", "बरोबर बहिणीला आणले तर चालेल?", "किती वेळा यावे लागते?", "उपचार करणाऱ्या बाई आहेत की पुरुष?", "बसस्थानकापासून चालत येता येते का?" असे प्रश्न त्या वहीत जमतील. पुढच्या टप्प्यांतला निम्मा मजकूर या वहीतूनच येणार आहे, त्यामुळे ही पायरी वगळू नये. ज्यांनी ती वगळली त्यांच्या संकेतस्थळावर मनाच्या अफाट सामर्थ्याविषयी तीन परिच्छेद सापडतात, पण फी कुठेच सापडत नाही.

याशिवाय चार निर्णय कागदावर लिहून घ्या. तुम्ही कोणत्या तक्रारींवर काम करता, कोणत्या तक्रारी घेत नाही, वयाची अट काय आहे, आणि भेट रद्द केल्यास आगाऊ रकमेचे काय होते. हे निर्णय संकेतस्थळ करून देणाऱ्या तंत्रज्ञाने घ्यायचे नसतात. ते ठरलेले नसले तर तो दुसऱ्या कुठल्यातरी केंद्राचा मजकूर आणून बसवतो.

शेवटी तुमची प्रमाणपत्रे आणि नोंदणीचे कागद एकत्र करा. कोणती पदवी कोणत्या संस्थेची, प्रशिक्षण किती तासांचे आणि कोणत्या वर्षीचे, हे कागदावर जसे आहे तसेच उतरवा.

टप्पा 1 : संकेतस्थळ खरोखर तुमच्या ताब्यात आहे का, ते पाहा

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर नोंदलेले आहे, होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्या जागेचा, पासवर्ड कोणाकडे आहे, आणि गूगलवरील व्यवसाय प्रोफाइल, म्हणजे शोधात व नकाशावर दिसणारी केंद्राची नोंद, कोणाच्या खात्यातून चालते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवा. लहान केंद्रांच्या बाबतीत डोमेन बहुधा ज्याने संकेतस्थळ बनवले त्याच्या किंवा एखाद्या भाच्या-पुतण्याच्या ईमेलवर नोंदलेले असते. तो परदेशी गेला किंवा त्याने तो ईमेल वापरणे सोडले की नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही आणि एके दिवशी पत्ता बंद पडतो. नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतः रोज पाहता त्या ईमेलवर करून घ्या, स्वयंचलित नूतनीकरण सुरू करा आणि खात्याला दोन पातळ्यांची सुरक्षा (पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही मागणारी) लावा.

ज्यांनी पूर्वी गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधूनच मोफत संकेतस्थळ तयार केले होते, त्यांनी आपली पाटी, भेटकार्डे आणि जुनी पत्रके तपासावीत. गूगलने ती सोय मार्च 2024 मध्ये बंद केली. काही महिने जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवण्याची व्यवस्था होती, तीही संपली; त्यामुळे तो पत्ता छापलेले कार्ड आता वाचणाऱ्याला कुठेच नेत नाही.

त्यानंतर जुन्या संकेतस्थळाची संपूर्ण प्रत काढून ठेवा आणि त्यावरील प्रत्येक पानाचा पत्ता एका यादीत लिहा. ही यादी शेवटच्या टप्प्यात लागणार आहे.

तपासणी: डोमेनच्या खात्यात तुम्ही स्वतः, कोणालाही न विचारता, प्रवेश करू शकता का? उत्तर नकारार्थी असेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा 2 : दावे गाळा

जुना मजकूर छापून घ्या आणि हातात लाल पेन घेऊन प्रत्येक असे वाक्य अधोरेखित करा, ज्यात एखादा विकार बरा होतो, कायमचा जातो, खात्रीने जातो किंवा अमुक भेटींत जातो असे म्हटले आहे. ही सगळी वाक्ये काढायची आहेत. यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही तितकीच गंभीर आहेत.

पहिले कारण कायद्याचे आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात सेवा देणाऱ्याने केलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संकेतस्थळावरील मजकूर ही जाहिरातच असते. त्याशिवाय औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा 1954 चा कायदा आहे. तो औषधांसाठी आणि मंत्र, तावीज, कवच यांसारख्या उपायांसाठी असला तरी त्याच्या परिशिष्टातील 54 विकारांची यादी दावे तपासताना जवळ ठेवावी. लठ्ठपणा, मधुमेह, अपस्मार, उच्च व कमी रक्तदाब, वेड, लैंगिक दुर्बलता आणि स्त्रियांमधील वंध्यत्व ही नावे त्या यादीत आहेत, आणि नेमकी हीच नावे अनेक संमोहन केंद्रांच्या सेवांच्या यादीत आढळतात.

दुसरे कारण माणसांचे आहे. "संमोहनाने नैराश्य मुळापासून जाते" असे वाचून एखाद्याने मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली गोळी परस्पर बंद केली, तर होणारे नुकसान कोणत्याही सुंदर पानाने भरून निघत नाही.

मग लिहायचे काय? पुरावा जेवढा आहे तेवढेच. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने 2008 मध्ये इरिटेबल बॉवेल सिंड्रोमसाठी, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या सततच्या तक्रारींसाठी, 12 महिने औषधे घेऊनही आराम न पडलेल्या रुग्णांच्या बाबतीत संमोहन उपचाराचा विचार करावा असे सुचवले. याउलट धूम्रपानाविषयी 2019 च्या कॉक्रेन आढाव्याचा, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याचा, निष्कर्ष असा आहे की संमोहन इतर उपायांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते असे म्हणण्याइतका पुरावा नाही. म्हणजे धूम्रपानासाठी येणाऱ्याला नकार द्यायला हवा असे नाही, पण त्याला खात्री देता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. जुने वाक्य असे असते: "एकाच भेटीत सिगारेट कायमची सोडा, 100 टक्के खात्री." त्याच्या जागी असे लिहा: "सिगारेट सोडण्याचा निर्णय तुम्ही स्वतः घेतला असेल, तर ओढ अनावर होते त्या वेळी मन स्थिर ठेवण्याचा सराव आम्ही तुमच्याकडून करून घेतो. सर्वांना सारखाच फायदा होतो असे नाही. तुम्ही घेत असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." दुसरे वाक्य वाचणाऱ्याला आपण काय करायला चाललो आहोत हे कळते, आणि तोच पुढे फोन करतो.

पूर्वजन्म दाखवण्याच्या किंवा विसरलेल्या आठवणी परत मिळवून देण्याच्या सेवांविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्या संकेतस्थळावर असू नयेत. संमोहनात सांगितलेली आठवण खरी असतेच असे नाही, सूचनेमुळे खोटी आठवण तयार होऊ शकते, आणि अशा आठवणीवरून घरातल्या माणसांवर आरोप झाले तर कुटुंबे उद्ध्वस्त होतात.

इशारा: नावापुढे लावलेले शब्दही दावेच असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नसताना ते शब्द पाटीवर किंवा पानावर लावू नका. संमोहनाचे प्रशिक्षण घेतले असेल तर तेवढेच लिहा आणि ते कुठे घेतले हे सांगा.

टप्पा 3 : भीतीला उत्तर देणारा मजकूर लिहा

पाच पाने पुरेशी असतात: मुखपृष्ठ, पहिली भेट, उपचार करणाऱ्याची माहिती, फी व वेळा, आणि संपर्क. यांपैकी सर्वांत जास्त कष्ट पहिल्या भेटीच्या पानावर घ्या, कारण येणाऱ्याची खरी अडचण तिथेच सुटते. आपल्याकडे संमोहन म्हटले की काहींना रंगमंचावरचे प्रयोग आठवतात, तर काहींना घाड्याकडची, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडची वारी. या दोन्ही कल्पना पुसायच्या असतील तर मनाच्या शक्तीचे वर्णन उपयोगाचे नाही. खोलीत काय घडते ते क्रमाने सांगावे लागते.

असे लिहिता येईल: "पहिली भेट साधारण दीड तासाची असते. सुरुवातीला आपण बोलतो. तुमची तक्रार, चालू असलेली औषधे आणि पूर्वीचे आजार मी विचारते. संमोहनाची सुरुवात तुमची तयारी असेल तरच होते. तुम्ही खुर्चीत बसलेले असता आणि माझा आवाज तुम्हाला ऐकू येत असतो. ही झोप नसते. नको वाटले तर तुम्ही कधीही डोळे उघडू शकता, थांबायला सांगू शकता, आणि जे सांगायचे नाही ते न सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. मी तुम्हाला स्पर्श करत नाही. बरोबर विश्वासातली व्यक्ती आणायची असेल तर ती बाहेरच्या खोलीत बसू शकते." अर्थात यातले प्रत्येक वाक्य तुमच्या केंद्रात खरे असायला हवे, दार बंद असते की अर्धे उघडे, सुरुवातीचे बोलणे किती वेळ चालते, हे तुमच्याकडे जसे आहे तसेच लिहा.

त्याच पानावर कोणाला तुम्ही घेत नाही हेही लिहा. भास होणारे किंवा वास्तवाचे भान सुटणारे मानसिक आजार, नियंत्रणात नसलेला अपस्मार, दारू किंवा अन्य नशेच्या अमलाखाली आलेली व्यक्ती, यांना आधी वैद्यकीय उपचारांची गरज असते. अशा वेळी कुठे जावे तेही सांगा. बांबोळी येथील मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, जिला गोव्यात सगळे आयपीएचबी म्हणूनच ओळखतात, तिचा उल्लेख असावा. जीव नकोसा झालेल्या व्यक्तीसाठी टेलि-मानस या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी असावा. ती ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि मोफत आहे. तातडीच्या प्रसंगासाठी 112. हे क्रमांक बारीक राखाडी अक्षरांत टाकू नका. रात्री दोन वाजता कोणी तुमचे पान वाचत असेल, तर त्या क्षणी तुमच्या केंद्राच्या क्रमांकापेक्षा हे क्रमांक त्याच्या अधिक उपयोगाचे असतात.

फी स्पष्ट आकड्यांत लिहा. "फोनवर विचारा" असे लिहिल्याने माणूस फोन करत नाही. परवडेल की नाही हे विचारण्याचा संकोच आणखी वाढतो. भेटींची नेमकी संख्या आधी सांगता येत नसेल तर तसे लिहा आणि किती भेटींनंतर पुढे जायचे की थांबायचे हे दोघे मिळून ठरवता, ते सांगा.

छायाचित्रांबाबत थोडक्यात: चक्रे, लोलक आणि विकत घेतलेले हसरे परदेशी चेहरे काढून टाका. त्यांच्या जागी तुमचा स्वतःचा साधा फोटो, रस्त्यावरून दिसणारे प्रवेशद्वार आणि दिवसाच्या उजेडात टिपलेली ती खोली व ती खुर्ची टाका. जिना असेल तर जिन्याचाही फोटो द्या, म्हणजे गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला घरूनच निर्णय घेता येतो.

तपासणी: या विषयाशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला पहिल्या भेटीचे पान मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळते किंवा "म्हणजे काय?" विचारते, ते वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा 4 : संपर्काची वाट गुप्त आणि छोटी करा

गोवा लहान आहे. फोंड्यात कोणाची गाडी कुठे उभी होती हे संध्याकाळपर्यंत मामाच्या घरी कळते. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या केंद्रांसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, आणि हा टप्पा इतर सर्वांपेक्षा सावकाश करावा.

पहिली चूक फॉर्ममध्ये असते. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, तक्रारीचे सविस्तर वर्णन असा लांबलचक फॉर्म भरून घेतला जातो, तो एका साध्या ईमेलवर जातो, आणि तो ईमेल घरातला मुलगाही उघडतो. फॉर्ममध्ये तीनच रकाने ठेवा: हाक मारण्यापुरते नाव, फोन क्रमांक, आणि फोन कधी व कसा करावा. "व्हॉट्सॲपवर संदेश चालेल", "फक्त सकाळी 11 ते 1 मध्ये फोन करा", "दुसऱ्या कोणी उचलला तर केंद्राचे नाव सांगू नका" असे पर्याय देता आले तर उत्तम. तक्रार काय आहे हे फॉर्ममध्ये विचारूच नका; ते समोर बसल्यावर बोलायचे आहे.

व्हॉट्सॲपचा थेट दुवा देताना क्रमांकाची सुरुवात 91 ने करावी आणि त्याआधी शून्य किंवा अधिक (+) चिन्ह लावू नये, नाहीतर तो उघडेलच असे नाही. साध्या फोनच्या दुव्यात मात्र अधिक चिन्हासह 91 लिहावे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या किंवा आखातात असलेल्या गोंयकारालाही तो थेट लावता येतो. व्हॉट्सॲपवरील तुमचे व्यावसायिक नावही तपासा. ते समोरच्याच्या फोनवर सूचनेत झळकते, आणि तो फोन त्या वेळी शेजारी बसलेल्या नणंदेच्या नजरेस पडू शकतो. हीच गोष्ट यूपीआयची आहे. पैसे स्वीकारणाऱ्या खात्याच्या नावात "संमोहन" किंवा "मानसोपचार" हा शब्द असेल, तर तो पती-पत्नीच्या संयुक्त खात्याच्या पासबुकात छापला जातो. ते नाव काय दिसेल हे फीच्या पानावर आधीच सांगा आणि रोख देण्याची सोय ठेवा.

माहिती गोळा करण्याआधी संमती घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी फॉर्मची रचना आताच त्याप्रमाणे करणे शहाणपणाचे आहे. कोणती माहिती कशासाठी घेता, किती दिवस ठेवता आणि ती पुसायला कोणाला सांगायचे, हे सोप्या शब्दांत लिहा. हा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. 18 वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नका. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत मुले स्वतःच संदेश पाठवतात, म्हणून ही अट फॉर्मच्या वरच लिहा.

दुसरी मोठी चूक अनुभवकथनांत असते. नाव गाळले की ओळख लपली असे मानले जाते. "वाळपईजवळच्या एका गावातील 42 वर्षांच्या शिक्षिका, पती खाणीवर कामाला" एवढे लिहिले की त्या गावातल्या प्रत्येकाला ती व्यक्ती कळते. गाव, वय, व्यवसाय आणि तक्रार या चारांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी इथे ओळख उघड होते. अशी कथने काढून टाकावीत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. उपचार चालू असताना एखाद्याकडे अनुभव लिहून मागणे हा त्याच्यावर दबावच असतो, कारण तो तुमच्यापुढे नाही म्हणू शकत नाही.

इशारा: समाजमाध्यमांच्या जाहिरातींसाठी पानांवर बसवलेले पाळत ठेवणारे कोड संपर्क आणि फीच्या पानांवरून काढा. नाहीतर आज ज्या व्यक्तीने तुमचे पान गुपचूप वाचले, तिला उद्या सगळ्यांसमोर मोबाइलवर चिंताविकाराच्या जाहिराती दिसू लागतात.

टप्पा 5 : भाषा

पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा या तालुक्यांतले अनेकजण वर्तमानपत्र मराठीत वाचतात, घरी कोकणी बोलतात आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत शोध घेतात. त्यामुळे मराठी व इंग्रजी पाने वेगवेगळी ठेवा, आणि शक्य असेल तर पहिल्या भेटीचे पान तरी देवनागरी कोकणीत ठेवा. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेला मजकूर या विषयात धोकादायक ठरतो, कारण भीती आणि विश्वास यांविषयीची वाक्ये थोडी जरी तिरकी झाली तरी वाचणारा मागे फिरतो.

जुना मराठी मजकूर पत्रकासाठी टाइप केलेला असेल तर तो बहुधा छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पत्रकाचे चित्र करून तेच पानावर डकवणे ही त्याहून वाईट सवय आहे, कारण चित्रातली अक्षरे अंध वाचकांचे वाचन-साधन वाचू शकत नाही आणि शोधातही ती सहसा सापडत नाहीत. देवनागरीसाठी मुक्ता (Mukta) किंवा नोटो (Noto) यांसारखा स्पष्ट फॉन्ट घ्या आणि ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवा, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढत नाहीत.

टप्पा 6 : मोबाइल आणि गती

आता रूपाकडे वळायला हरकत नाही. गूगलच्या मोजमापानुसार पानाचा मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मजकूर वरखाली उडू नये. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला की हे आकडे मिळतात. लहान केंद्रांच्या बाबतीत दोष जवळजवळ नेहमी फोटोंचा असतो. मोबाइलने काढलेला 4 एमबीचा फोटो थेट चढवला जातो. तो वेबपी स्वरूपात 200 केबीच्या आत आणा. सरकणारी छायाचित्रे काढून टाका. सत्तरीच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात रेंज जाते-येते, आणि तिथला माणूस चौथ्या छायाचित्रापर्यंत थांबत नाही.

पान उघडताच आपोआप सुरू होणारे संगीत किंवा ध्वनिफीत अजिबात नको. रात्री लपून वाचणाऱ्याच्या हातात ती अचानक वाजली, तर तो पान बंद करतो आणि पुन्हा येत नाही. विश्रांतीच्या सरावाची ध्वनिफीत द्यायचीच असेल तर ती बटण दाबल्यावरच वाजावी, आणि बटणाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहावे की गाडी चालवताना ती ऐकू नये.

संकेतस्थळाला सुरक्षित जोडणी नसेल, म्हणजे पत्त्याची सुरुवात https ने होत नसेल, तर क्रोम 2018 पासून तिथे "असुरक्षित" असे दाखवतो. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते. होस्टिंग कंपनीला सांगून ते बसवून घ्या.

तपासणी: घरचे वायफाय बंद करा, जुना, स्वस्तातला मोबाइल घ्या आणि मुखपृष्ठापासून फोनच्या बटणापर्यंत एका अंगठ्याने पोहोचून पाहा. दोनपेक्षा जास्त वेळा दाबावे लागत असेल तर वाट लांब आहे.

टप्पा 7 : गूगल नकाशावरील नोंद

व्यवसाय प्रोफाइल मोफत असते, आणि जवळपास शोधणारे लोक आधी तेच पाहतात. प्रोफाइलमध्ये पाटीवर आहे तेच नाव टाका. नावात "गोव्यातील सर्वोत्तम संमोहन तज्ज्ञ" असे शब्द कोंबणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. पडताळणीसाठी आता अनेकदा व्हिडिओ मागितला जातो, ज्यात रस्ता, पाटी आणि आतली खोली दाखवावी लागते. तो चित्रित करताना टेबलावरची अपॉइंटमेंटची वही बंद करा आणि बाहेर कोणी बसलेले नाही याची खात्री करा.

नकाशावरील खूण स्वतः उभे राहून दाराशी लावा. आपल्याकडे एकाच नावाचा वाडा दोन-तीन गावांत असतो, घरक्रमांक क्रमाने असतातच असे नाही, आणि चुकीच्या खुणेमुळे माणूस शेजारच्या दुकानात जाऊन मोठ्याने विचारतो. तेच तर त्याला टाळायचे होते! वर्णनात बसस्थानकापासूनची वाट, गाडी उभी करण्याची जागा आणि मागील दाराची सोय असल्यास तीही लिहा.

वेळा खऱ्या लिहा. दुपारी एक ते चार बंद असाल तर दोन भाग करून लिहा. चवथीच्या सुट्टीचे दिवस विशेष वेळांमध्ये आधीच भरा.

परीक्षणे विकत घेणे किंवा त्यांच्या बदल्यात सवलत देणे गूगलला चालत नाही, आणि या व्यवसायात ते शोभतही नाही. त्याहून जास्त काळजी उत्तरे देताना घ्यावी लागते. कोणी चांगले लिहिले म्हणून "धन्यवाद, आता झोप छान लागते ना?" असे उत्तर दिले, की ती व्यक्ती तुमच्याकडे निद्रानाशासाठी येत होती हे तुम्हीच जगाला सांगितलेले असते. कोणी वाईट लिहिले तरी "तुम्ही तर दुसऱ्याच भेटीनंतर आला नाहीत" असे लिहू नका. दोन्ही वेळा एकच साचा वापरा: "अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. गोपनीयतेमुळे कोणत्याही व्यक्तीविषयी आम्ही येथे बोलत नाही. कृपया केंद्राच्या क्रमांकावर संपर्क साधावा."

टप्पा 8 : नवे संकेतस्थळ सुरू करणे

पहिल्या टप्प्यात केलेली पत्त्यांची यादी आता काढा. प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवून घ्या. हे केले नाही तर गूगलमध्ये इतकी वर्षे दिसणारे दुवे "पान सापडले नाही" एवढेच दाखवतात आणि जमा झालेले स्थान हातचे जाते. नवे पत्ते सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ मालकांसाठीच्या गूगलच्या मोफत साधनात, नोंदवा.

सुरू करण्याचा दिवस सोमवार किंवा मंगळवार ठेवा. शनिवारी संध्याकाळी काही बिघडले तर तंत्रज्ञ सोमवारपर्यंत फोन उचलत नाही. त्या दिवशी दुसऱ्याच्या मोबाइलवरून फॉर्म भरून पाहा, फोनचे बटण दाबून पाहा, व्हॉट्सॲपचा दुवा उघडून पाहा, आणि आलेला संदेश नक्की कोणाच्या हातात पडला हे पाहा.

त्यानंतर तीन महिने मोठे बदल करू नका. या काळात भेट देणाऱ्यांच्या एकूण संख्येकडे पाहून काही कळत नाही. फोनजवळची ती वही पुन्हा सुरू करा आणि कोणते प्रश्न येणे थांबले, कोणते अजून येतात, हे नोंदवा. "शुद्ध हरपते का?" हा प्रश्न अजूनही येत असेल तर पहिल्या भेटीचे पान अपुरे आहे किंवा मुखपृष्ठावरून तिथे जायची वाट दिसत नाही. फोन करणाऱ्याने फी आधीच वाचलेली असेल आणि तो थेट वेळ मागत असेल, तर ते पान आपले काम करत आहे.

दर तीन महिन्यांनी फी, वेळा आणि 14416 हा क्रमांक सर्व पानांवर बरोबर आहे का ते पाहा, फॉर्ममधून आलेली जुनी माहिती ठरलेल्या मुदतीनंतर पुसा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.